विकलेला इलाका

"इलाका रिकामा सोडू नको रंजीता, दुसरा कोणी घेईल." वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा राखण माझ्यावर सोपवताना घुग्घुसच्या बसस्टँडवर माझे पती धनबीर बोहरा असं म्हणाले आणि नेपाळला, आपल्या गावी भातलावणीला गेले.

मी, रंजीता धनबीर बोहरा, वय ४७, राहणार घुग्घुस, जि. चंद्रपूर. सोमवारी नागपूरला माझं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता हे लिहिते.

१. माझ्या नावावरची खोली आणि शिलाई मशीन मुलगी दिव्यानीला. तिच्या वडिलांचा त्यात हक्क नाही. त्यांचं घर तिकडे आहे. ते कसं झालं, तेही लिहून ठेवते. हे गुरखा, यांच्या रात्रीच्या राखणीत सात गल्ल्या होत्या, तोच इलाका. दरवर्षी तीन महिने ते गावी जात, तेव्हा काठी-शिट्टी घेऊन मी फिरायची. त्या पगारातून तिकडे घर उठत होतं. नदीकडची खोली तुझी, असं ते सांगत.

गुरख्यांमध्ये रीत आहे, कायमचं गावी जाताना इलाका आपल्याच गावच्या माणसाला विकायचा. दोन वर्षांपूर्वी हे गावी गेलेले असताना त्यांच्याच गावचा हरक नावाचा मुलगा दारात आला. म्हणाला, "भाभी, हा इलाका दाजूंनी मला विकला. आता शिट्टी द्या."

दाजू म्हणजे थोरला भाऊ, तो यांनाच म्हणत होता. मी चहा ठेवला, तिकडच्या घराचं विचारलं. त्याने भोळेपणाने सांगितलं. दुमजली आहे, वर पत्रा आहे, दाजूंची बायको बिशना आणि दोन मुलगे राहतात. गावातली बहुतेक घरं इकडच्या कमाईवर उभी आहेत, असंही म्हणाला. शिट्टी मी दिली.

२. काठी दिली नव्हती. भामरागडचा बांबू आहे, माझ्या आईकडचा. ती आता हरकला द्यावी. त्याने कर्ज काढून इलाका घेतला, त्याचा काय दोष?

३. भाऊ निकेशला काही नाही. लग्नाच्या वेळी तो म्हणाला होता, "गुरख्याची बायको होशील त शिट्टीच वाजवशील." त्याचं खरं ठरलं, तेवढं त्याला पुरे.

४. यांचा लोकरी स्वेटर ट्रंकेत धुऊन ठेवला आहे. पाठवू नये. स्वतः न्यायला आले तर द्यावा, बसवून जेवू घालावं.

सही : रंजीता धनबीर बोहरा
साक्षीदार : गिरजाबाई मडावी, लहानू चौधरी
घुग्घुस, १४ नोव्हेंबर २०२५

सह्यांखाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, असं गिरजाबाई म्हणते. म्हणूनच हे इथे लिहिते, हा हुकूम नाही.

बिशनाबाई, तुम्हालाही माझं नाव कोणी सांगितलं नसेल. दिव्यानीला एकदा वडिलांचं गाव बघायचं आहे. चार दिवस तिला घरात ठेवून घ्या, आणि शेजारच्यांनी विचारलं तर आमची मुलगी आहे म्हणून सांगा. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. तरी मागते.