नवऱ्यामुलाच्या कोटाचं कापड

१४ तारीख, रविवार दुपार

चि. खारूस आजीचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. माझा गुडघा कुरकुरतो, पण सुनेसारखा, कुरकुरत का होईना काम करतो. (हे तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.)

तीच आठवडाभर मागे लागली होती, "तुमचं ऐकते ती, चार समजुतीचे शब्द लिहा." मुलाकडच्यांनी सांगितलेलंच, पूल बांधणारी साहेबीण व्हायचं सोडलं तर लग्न, नाहीतर नाही. त्याची आत्या म्हणाली, "मुलगी फार महत्त्वाकांक्षी आहे हो!" जशी काही तुला खरूज झालीय. आणि भाच्याला तोच शब्द लावताना साखर चघळत होती.

शिंप्याच्या दुकानात मास्तरांना विचारलं, म्हणजे काय हो? मशीन न थांबवता म्हणाले, "मापापेक्षा मोठं कापड मागणं." म्हटलं, मग वाईट काय त्यात? वाढत्या अंगाला मोठंच शिवतात.

त्या दुकानात माझा जन्म काजं-बटणं करण्यात गेला. कात्री फक्त मास्तरांची. नवऱ्यामुलाच्या कोटासाठी आपण घेतलेलं निळं कापड तिथेच फळीवर पडलेलं. रोज त्यावरची धूळ झटकायची आणि... असो. शेजारची मांजर व्यालीय, पिल्लं तुझ्या पलंगाखाली.

तर काल सकाळी मी म्हटलं, "मास्तर, कात्री द्या."

"आजीबाई, एकदा कापलं की जुळत नाही."

"म्हणूनच द्या."

तुझ्या जुन्या कोटावरून बेतलं. कात्री लोण्यातून जावी तशी गेली बघ! आत माया भरपूर सोडलीय, अंग भरलं तर उसवून घे. मास्तर शिवता शिवता म्हणाले, "बायकांच्या कोटाला एवढाले खिसे?" म्हटलं, पूल बांधायचाय तिला, टेप काय अंबाड्यात खोचेल?

घरी येताना मात्र मनात आलं, तू त्यांना हो म्हणालीस तर? नवरामुलगा काय तुझ्या मापाच्या बाह्यांत हात कोंबणार?

संध्याकाळी तुझा फोन आला. तुझी आई तोंड पाडून म्हणाली, "नाही म्हणतेय ती." मी मटकन खाली बसले. सुटले गं! तिला वाटलं, म्हातारीला धक्का बसला. पळत पाणी आणलं बिचारीने. मीही गुपचूप प्यायले. कापडाचं तिला अजून सांगितलेलं नाही. तू कोट घालून फोटो पाठव, मग दाखवते.

आता काजं करायला बसते. काजं मास्तरांना नाही करू देणार. पुलावर वारा फार असेल, वरचं बटण लावत जा.

तुझी आजी,
कोट बेतणारी