रुवैसवाल्यांचा डबा

१२ जाने. ९९, मंगळवार. अल कुसैस, दुबई
अर्धा लेबर कॅम्प उद्या अबुधाबीकडच्या रुवैसला, रिफायनरीच्या शटडाऊनच्या दुरुस्तीकामाला. म्हणून त्यांचं मतदान आजच उरकलं. आम्हा उरलेल्यांचं ईद झाल्यावर, २२च्या शुक्रवारी. प्रश्न एकच, मेसला इब्राहिमचाचांना ठेवायचं की बाहेरून जेवण मागवायचं. चाचा हरले तर व्हिसा कॅन्सल, थेट रत्नागिरी.
आमटी खारट. कालची अळणी. चिठ्ठी टाकताना जो तो शिव्या घालत होता. मेस-सेक्रेटरी सुधीरने पत्र्याच्या डब्याला टेप मारली. "खलास!"

१४, गुरु.
डोकी ठिकाणावर आहेत का आमची? संध्याकाळी किचनमध्ये गेलो, तर चाचा नुसत्या अंदाजाने मीठ टाकतायत. रोजा! जिभेला थेंब लावत नाहीत. दर रमजानला किचनमधला मदतनीस दगडू चाखून सांगायचा. तो यंदा सुट्टीवर, गावी. एकाच्याही लक्षात येऊ नये?
"सांगायचं नाही का, चाचा?"
"कुणाला सांगू? सगळे दमून येतात."
आजपासून मी चाखणार.

१५, शुक्र.
सुधीरशी कडाक्याचं वाजलं. म्हटलं, रुवैसवाल्यांचं मतदान पुन्हा घे. तर म्हणे, "टाकलं ते टाकलं. उद्या आणखी कुणाचं मन फिरलं तर?" अरे, माणसाच्या पोटावर पाय येतोय! पण त्याचंही चूक नाही. त्याचाच जास्त राग येतो.

१९, मंगळ. ईदची सुट्टी
चाचांची बिर्याणी, शीरखुर्मा. कॅम्प खूष. हेच लोक शुक्रवारी मत देणार. आणि रुवैसहून पांडूचा फोन, "विष्णू, माझी चिठ्ठी काढून फाड रे. इथलं जेवण घशाखाली उतरत नाही." कुठली काढू? नाव थोडंच असतं चिठ्ठीवर!

२२, शुक्र.
आजची मतं मोजली. बहुतेक सगळी चाचांना. रुवैसचा डबा बंदच. त्यांची अट, आमच्यासमोर उघडा. तिकडून त्यांची बस सकाळीच निघालीय. तिकडची माणसं इकडच्याइतकीच; सगळी विरोधात गेली तर चाचा गेले. चारदोन तरी चाचांच्या बाजूने असतील? असू देत देवा.
चाचा त्यांच्यासाठीच कालवण करतायत. मला हाक मारली.
"विष्णू, जरा चाखून सांग."
"रोजे संपले ना चाचा? तुम्हीच चाखा."
"माझ्या जिभेवर माझाच भरवसा नाही रे उरला."
चाखलं. मीठ अगदी बरोबर. दोनदा सांगितलं. तरी चिमटीत मीठ धरून तसेच उभे. बाहेर बसचा हॉर्न वाजला.