फुकटचं लिनक्स आणि काल्याची पंगत

२४ ऑक्टोबर. पूजेनंतर.
हिशोबाची वही वेगळी. ही फक्त मनातल्या गोष्टींची. हिच्यात आकडेमोड करायची नाही असं ठरवलं आहे.

आजपासून आपल्या घरात चोरीची वस्तू नाही. कोजागिरीच्या कीर्तनात महाराज म्हणाले, न विचारता उचललेली काडीसुद्धा चोरीच. मी लगेच समर्थला फोन केला, आपल्या लॅपटॉपमधलं विंडोज विकतचं आहे ना? तो हसायला लागला. म्हणाला, आई, ते क्रॅक केलेलं आहे. म्हणजे चार वर्षं मी दत्ताची आरती चोरीच्या मालावर ऐकत होते! दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडून लिनक्स टाकून घेतलं. फुकट, आणि वर पाप नाही. असा योग सारखा येत नाही.

सूनबाई तेजस्विनी म्हणाली, आई, तुम्हाला ते जमायचं नाही. दहावीला मला गणितात बाहत्तर होते. हे तिला सांगितलं नाही. नम्रपणा.

२६ ऑक्टोबर.
प्रिंटर जोडायला घेतला. यूट्यूबवरचा मुलगा म्हणाला, काळी खिडकी उघडा, ही ओळ लिहा, पासवर्ड टाका. टाकते, टाकते, एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला असं समजून लॅपटॉप उलटा करून झटकला. चिवड्यातले पोहे निघाले. समर्थला फोन. तो म्हणाला, पासवर्ड उमटत नाही, सुरक्षेसाठी तसं ठेवलंय. घरात मी आणि देव. सुरक्षा नक्की कुणापासून?

२९ ऑक्टोबर.
आमचे हे, म्हणजे हौशीराम, दत्त मंदिराच्या सप्ताह कमिटीचे सेक्रेटरी आहेत. गेल्या वर्षीच्या छापील पत्रिकेत गावातले बडे बागायतदार बाळासाहेब यांचा फोटो दत्तमहाराजांपेक्षा मोठा होता. मी जाहीर केलं, यंदाची पत्रिका घरी, लिनक्सवर, मी करणार. हे म्हणाले, तुला कामं कमी हायेत का? याला मी पाठिंबा समजते.

३ नोव्हेंबर.
पत्रिका निम्मी झाली आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी अकरा मिनिटं टिकते. परत चालू केल्यावर त्याने विचारलं, हरवलेली फाईल परत आणू का? म्हटलं आण. त्याने दिवाळीच्या किराणाची यादी आणली.

विजेवरून आठवलं. वनखातं म्हणतं, बिबट्या फिरतोय, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. वीज खातं उसाला पाणी धरायला रात्रीचीच लाईट देतं. दोन्हीकडच्या साहेबांना एक रात्र आमच्या उसात बॅटरी घेऊन उभं करावं. सकाळपर्यंत धोरण तयार होईल.

७ नोव्हेंबर.
प्रिंटर अजून बोलत नाही. लिनक्सवाल्यांचा एक मदतीचा मंच आहे, तिथे इंग्रजीत अडचण लिहिली. एकाने उत्तर दिलं, आधी पुस्तिका वाचा. दुसरा म्हणाला, प्रिंटरच बदला. तिसरा म्हणाला, तुमचं लिनक्स टाकाऊ, माझं वापरा. मग ते तिघंच आपापसात भांडत बसले. अगदी आमची भावकी.

भावकीवरून माझं एक मत लिहून ठेवते. एकत्र राहणाऱ्या कुटुंबांना सरकारने अनुदान द्यावं. आम्ही सासूबाईंपासून दुसऱ्याच वर्षी वेगळे निघालो, पण तेव्हा असं अनुदान नव्हतं.

११ नोव्हेंबर.
आज पंगतींचा तक्ता केला. सप्ताहाचे सात दिवस आणि आठवा काल्याचा. रोज एका घराचं अन्नदान. शेवटचा काल्याचा महाप्रसाद बाळासाहेबांचा, त्यांच्या आजोबांपासून. एकादशी भागूबाईची. भागूबाई मूळची डोंगरातल्या तळेघरकडची. तीस वर्षांपूर्वी कांदा काढायला आली आणि नवऱ्यासकट इथेच राहिली. नवरा गेला, आता कालव्याकडेला एकटी असते. एकादशीला उपास, म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही माणशी पळीभर. कमिटी म्हणते, तिला झेपेल असं दिलंय. तिला कधी कुणी विचारलेलं नाही.

नावं जरा अस्ताव्यस्त वाटत होती. वर एक बटण आहे, दोन अक्षरं आणि खाली जाणारा बाण. ते दाबलं. लिनक्सने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं, मी दोनातलं छोटं बटण दाबलं. सगळी नावं शाळेतल्या प्रार्थनेसारखी ओळीत उभी राहिली. शिस्त!

१५ नोव्हेंबर.
प्रिंटर बोलला. चाळीस कोरी पानं दिली. कोऱ्या पानांवर शाई कुठे खर्च झाली, ते दत्तालाच ठाऊक. शेवटी पेनड्राईव्ह घेऊन आळेफाट्याला गेले आणि झेरॉक्सवाल्याकडून तीनशे प्रती काढल्या. त्याचं विंडोज विकतचं की क्रॅक, ते विचारलं नाही. असलं पाप तर त्याच्या दुकानात झालं.

यांना एकदा नजर टाका म्हणणार होते, पण चष्मा नारायणगावला दुरुस्तीला. म्हटलं, राहू द्या, मी आहे ना. भजनी मंडळाच्या बायकांना हाताशी धरून तिन्हीसांजेच्या आत घरोघर वाटून टाकल्या.

१७ नोव्हेंबर.
समर्थला कौतुकाने फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. आई, काल्याला भागूबाई? एकादशीला बाळासाहेब?

मी पत्रिका नीट वाचली. त्या बटणाने नावं अक्षरांच्या क्रमाने लावली आणि तारखा जागच्या जागी ठेवल्या. सगळे 'श्री.' वर गेले. यादीतली एकटी 'श्रीमती' तळाला, म्हणजे नेमकी काल्यावर. समर्थ म्हणाला, अगं, कंट्रोल झेड केलं की झालं. तीनशे घरांत जाऊन कुठलं कंट्रोल झेड दाबू?

दुपारी कालव्याकडून चक्कर मारली. भागूबाईने पत्रिका कणकेच्या खळीने दाराला चिकटवलेली. दारापुढचं सारवण ओलं होतं. मला बघून म्हणाली, वैनी, या की. काम आहे म्हणून परत फिरले.

चूक कबूल करावी, तर कमिटी तिचं नाव खोडणार आणि काला परत बाळासाहेबांना देणार. दाराला लावलेली पत्रिका तिने मग काय करायची? नाही कबूल करावी, तर एकट्या बाईने अख्ख्या वाडीची पंगत उठवायची. काल्याला अन्न कमी पडलं तर लोक मरेपर्यंत तिला ते ऐकवतील.

संध्याकाळ.
विचारांती लक्षात आलं, ही चूक नाहीच. हे मी मुद्दाम केलं. इतक्या वर्षांत एका श्रीमतीला काला मिळाला नाही, तो मी मिळवून दिला. याला धोरण म्हणतात. सरकारला जे जमत नाही ते मी एका बटणात केलं. आता फक्त अंमलबजावणी.

१९ नोव्हेंबर.
हे रोज जेवण झालं की बाहेर. आज कुणाकडे, उद्या कुणाकडे. बायको एवढ्या सामाजिक कार्यात, आणि यांना पारावरच्या गप्पा सुटत नाहीत.

बाळासाहेब आले. मी समतेवरचं भाषण पाठ करून तयारच होते. पण ते स्वतःच हसून म्हणाले, वैनी, एकादशी दिली, लई बरं केलं. नाय तरी डॉक्टरनी आमचं गोड बंदच केलंय, काल्याची लापशी नुसती बघत बसायला लागायची. मला एक शब्द बोलावा लागला नाही. माझ्या चेहऱ्यावरचा निर्धार बघून माणूस नरमला असणार.

२२ नोव्हेंबर.
आज भजनात मी समतेवर दोन वाक्यं बोलले. तासाभरात वाडीतल्या बायका भागूबाईच्या दारात. एक म्हणाली, डाळ माझी. दुसरी म्हणाली, गूळ आमच्या गुऱ्हाळाचा. तिसरी नुसतीच म्हणाली, आचारी कशाला पायजे, आम्ही काय मेलो का? दोन वाक्यांचा एवढा परिणाम! तेजस्विनीला हे कळवलं. तिने अंगठा पाठवला. एवढंच.

लिनक्सने आज न विचारता अपडेट घेतलं. नंतर वायफाय गायब. मंचावर विचारावं, तर मंचावर जायला वायफाय लागतं.

२५ नोव्हेंबर.
भागूबाईचे दोन भाऊ तळेघरहून नवा तांदूळ घेऊन आले. एसटी आलीच नाही, म्हणून पोती डोक्यावर घेऊन चालत निघाले होते. वाटेत बाळासाहेबांची पिकअप भेटली. बाळासाहेबांची पिकअप डोंगरात काय करत होती? योगायोग. दत्ताची कृपा. मी गेल्या गुरुवारी नारळ बोलले होते.

१ डिसेंबर. मोक्षदा एकादशी.
बाळासाहेबांनी स्वतः भगर वाढली. मला दोनदा. माणूस सुधारला. उपासाच्या दिवशी गर्व करू नये, म्हणून कारण लिहीत नाही.

५ डिसेंबर. काला.
हंडी फुटली, लाह्यांचा काला वाटला आणि पंगत बसली. भात उतरला तसा मांडवभर वास सुटला. आमच्याकडे तांदूळ दुकानातून येतो, असा वास कुठला? भागूबाई नवं लुगडं नेसून, पदर खोचून पहिल्या ओळीला भात वाढायला आली. बाळासाहेब काल्याला पहिल्यांदाच वाढायचं सोडून पानावर बसले होते. म्हणाले, वाढ की माय, लाजती काय? तिने घाईघाईने वाढलं आणि भात पत्रावळीच्या बाहेर सांडला. त्यांनी तो वेचून पानात घेतला. सगळी वाडी जेवून भात उरला. भावांना बांधून दिला.

शेवटी माईकवरून आभार. मी पदर नीट केला. यंदाच्या पंगतींच्या नियोजनाबद्दल हौशीरामभाऊंचे विशेष आभार, असं माईकवाला म्हणाला. आमच्या यांचे! माईकवाल्याने भलताच कागद वाचला असावा.

६ डिसेंबर. दुपार.
भागूबाई आमचं मोठं पातेलं परत द्यायला आली. मी तिला चहा दिला आणि सहज म्हटलं, माझ्या मनात पहिल्यापासून होतं, यंदा काला तुलाच द्यायचा. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, वैनी, पत्रिका आली त्याच सांजेला मी तुमच्या मालकांकडं गेलते. म्हणलं, भाऊ, ह्ये चुकलंय, माझं नाव खोडा, मला न्हाई झेपायचं. ते म्हणाले, चुकलंय ते मलाबी कळलंय. पण खोडायचं का, तू सांग. मग मी बोटांवर हिशेब घातला. म्हणलं, तांदूळ मी भावाकडून आणीन, पण बाकीचं काय? ते म्हणाले, बाकीचं मी बघतो. फकस्त आमच्या घरात बोलू नगं.

एवढं बोलून तिने जीभ चावली. चहा तसाच ठेवून गेली.

म्हणजे हे रोज जेवणानंतर पारावर जात नव्हते. बाळासाहेब, डाळ, गूळ, पिकअप, एकेक घर.

हे जेवायला आल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, तू दुरुस्त करायला बसली असतीस. मग विचारलं, ही चूक होती हे गावात कुणाकुणाला माहीत होतं? त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली. म्हणाले, तुला धरून सांगू, का सोडून?