मंदा, तुझी सर्दी मी सांगून टाकली

प्रिय मंदा,

मला सर्दी झाली आहे. नाक चोंदलंय, डोकं जड आहे आणि सूनबाईंनी पलंगावरून उतरायची बंदी केली आहे. पेपर वाचून झाला, कोडं सोडवून झालं, म्हटलं तुला लिहावं. तसं कारणही आहे. तुला दिलेला शब्द मी मोडलाय. तिकडं माझी आई आहेच, ती लगेच चुगली करेल. त्याआधी मीच सांगितलेलं बरं!

"निखिलले सांगू नका हं, मले सर्दी आहे म्हणून." दर वेळी हेच. कधी त्याची परीक्षा, कधी त्याची मॅच. आई बिमार आहे म्हटलं की पोट्ट्याचं ध्यान उडते, हे तुझं म्हणणं. आणि मी मान डोलवायचो.

आपल्या घरात सर्दी दोघांनाच व्हायची, त्याला आणि मला. त्याला एक शिंक आली की ओव्याची पुरचुंडी तव्यावर चढायची, हळद-दूध उकळायचं, कानटोपी निघायची. मी तर असा कण्हायचो की शेजारचे विचारायला येत. आणि तुझं काय? "फोडणीचा ठसका लागला." अरे बाप्पा! अशी कोणती फोडणी गं, की चार-चार दिवस डोळ्यांतून पाणी?

खरं फक्त मला माहीत होतं. वलगावच्या शाळेत शिकवून मी दुपारी घरी यायचो, निखिल ट्यूशनला गेलेला असायचा, बाबा-आई आतल्या खोलीत झोपलेले. तू हळूच पातेल्यात पाणी उकळायचीस, निलगिरीचे दोन थेंब टाकायचीस आणि डोक्यावरून चादर घेऊन वाफारा घ्यायला बसायचीस. मी पण त्या चादरीत घुसायचो.

"तुमाले कायले पाहिजे वाफारा?"

"संगत म्हणून."

तुझं नाक वाहतंय, माझा चष्मा धुकटलाय आणि आपण दोघं तोंड दाबून हसतोय. ही सवय आपली चिखलदऱ्यापासूनची. लग्नानंतर मोठ्या हौसेनं गेलो आणि पहिल्याच दिवशी तुला सर्दी! एक पॉइंट पाहिला असेल तर शपथ. लॉजवाल्याकडून गरम पाणीच मागवत राहिलो. तरी मला ते दिवस फार आवडतात.

खरं सांगू? मला तुझी सर्दीच आवडायची. आता लिहायला लाज वाटते. पण सासू-सासरे, पोरगं, येणारे-जाणारे, या सगळ्यांतून तू माझ्या वाट्याला यायचीस ती त्या पातेल्यावर. म्हणून तू लपवायचीस आणि मी खुशाल लपवू द्यायचो.

निखिलच्या लग्नात तर तू हद्दच केलीस! अकोल्याचं मंगल कार्यालय, तू वरमाय, आणि नाक लालबुंद. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन, त्यात वरमायची शिंक! मंगलाष्टकं संपेपर्यंत तू नाक चिमटीत धरून उभी. विहीणबाईंना वाटलं तुला रडू येतंय. त्यांनी तुला जवळ घेतलं आणि त्याच रडायला लागल्या. मला हसू आवरेना, तर तू माझ्या पायावर पाय दिलास.

त्यानंतर चार महिन्यांत तू गेलीस. सर्दीनं नाही, हृदयानं, आणि तेही कुणाला काही न सांगता. त्याचा राग वेगळा आहे. त्यावर आज नको.

आता मागच्या रविवारचं ऐक. आपल्या सुनेला, पल्लवीला सर्दी झाली होती. चांगली जोराची, अंगात कसकस. पोरगी ओट्याशी उभी राहून नाक पुसत पोळ्या लाटत होती. निखिल टीव्हीसमोर. नांदगाव पेठेच्या मिलमधून आठवड्याची एकच सुट्टी मिळते, तर हा लोळतोय. ती म्हणाली, "मी उलसक, पाच मिनिटं पडू का?" तर हा काय म्हणाला असेल? "सर्दीच तर आहे, त्यात काय झोपाचं? माह्या आईले जिंदगीत कधी सर्दी झाली नाई."

वाईट बुद्धीनं नाही गं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पल्लवीनं पोळ्या केल्या, गॅस बंद केला आणि अकोल्याला भावाला फोन लावला, घ्यायला ये म्हणून. मी तिच्या खोलीच्या दारात गेलो तर ती बॅग भरत होती.

"भांडण झालं का बेटा?"

"नाही बाबा. भांडण कशाचं? पण आईंसारखी मी नाही. मले सर्दी होते."

मंदे, काय सांगू माझं काय झालं ते! तुझ्या चांगुलपणानं ती पोरगी घरातून निघाली होती. तू तिला चार महिने जवळ बसवून खाऊ घातलंस, तिच्यासाठी साड्या निवडल्यास, आणि आता तुझ्याच नावानं तिला ओट्याशी उभं केलं जात होतं. तिचा भाऊ तोवर निम्म्या वाटेत, मूर्तिजापूरपर्यंत आला होता. म्हणजे माझ्याकडं तासभर होता. तुझा शब्द पाळायचा की हिला थांबवायचं?

मी टीव्ही बंद केला.

"तुह्या आईले सर्दी व्हायची," मी म्हटलं. "लय व्हायची. वर्षातून तीन-चारदा."

"काहीही काय सांगून राहिले बाबा?"

मग मी सगळंच सांगितलं. दहावीचा गणिताचा पेपर आठव म्हटलं. त्या दिवशी तुला ताप होता. त्याला लागू नये म्हणून तू तोंड फिरवून, हात लांब करून दही-साखर दिलीस. वळून न बघताच म्हणालीस, "नीट जा."

निखिल उठून बसला. 

"म्हंजे आई रागावली नव्हती?"

"रागावली? काऊन?"

"आदल्या दिवशी मी खेळाले गेलो होतो ना. मले वाटलं म्हणून तिनं तोंड पाहिलं नाई माहं. मी कधी विचारलंच नाई बाबा."

एवढा मोठा माणूस, ओंजळीत तोंड धरून रडला. पल्लवी बॅग तशीच टाकून बाहेर आली आणि त्याच्याजवळ बसली. मीही रडलो. मंदा, तू लेकराचं ध्यान उडू नये म्हणून लपवलंस, आणि ते लेकरू इतकी वर्षं आई आपल्यावर रुसली होती असं धरून बसलं. काऊन केलंस असं? आणि मी तरी काऊन करू दिलं? चूक माझीही तेवढीच आहे.

पुढचं मात्र हसण्यासारखं आहे. निखिल ओट्याशी गेला. ओवा भाजायला घेतला आणि असा जाळला की अख्खं घर खोकायला लागलं. तेवढ्यात पल्लवीचा भाऊ दारात. "भाऊजी, काय जाळून राहिले?" डोळे चोळत चोळत त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती पलंगावर, गोधडीत, हसून हसून लाल. बिचारा पोहे खाऊन एकटाच अकोल्याला परत गेला.

पल्लवी तीन दिवस झोपली, निखिलनं एक दिवस रजा काढली. मग सर्दी त्याला झाली आणि आता मला. काल त्यानं माझ्यासमोर पातेलं ठेवलं, चादर घातली आणि विचारलं, "बाबा, तुमी दोघं आतमंदी एवढं काय बोलत होते?"

"भाजीचे भाव," मी म्हटलं. त्याला ते पटलं! भोळा, भैताड आहे अजून.

मंदा, सर्दीचं मी सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. या घरात कुणाचं दुखणं आता मी झाकणार नाही, माझंही नाही. पण जन्मभर चारचौघांत 'अहो' म्हणणारी तू चादरीच्या आत मला कोणत्या नावानं हाक मारायचीस, ते कुणाला कळणार नाही. पोराला नाही, सुनेला नाही. हा शब्द मोडायचा नाही. तू गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, म्हणून आज एकदा स्वतःच लिहून पाहतो.

तुझाच,
दिन्या