श्रीमंत म्हणजे गनी

१९ नोव्हेंबर, फहाहील
कुवेतबाहेर जायचं एक्झिट परमिट परत नामंजूर. ॲपवर लाल फुली. माऊचं लग्न १४ डिसेंबरला. एकुलता भाऊ मी. नवऱ्या मुलाचा कान मी नाही पिळला तर कोण पिळणार?
कंपनीची सरकारी कागदपत्रं फिरवणारा मंदूब, अबू फहद, म्हणतो, "बताका में तुम गनी. पासपोर्ट में गनी किधर?" बताका म्हणजे इथलं ओळखपत्र.

२० नोव्हें.
उलगडा झाला. चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी बताक्याचा फॉर्म भरताना अबू फहदनं विचारलेलं, "श्रीमंत मतलब?" मी मोबाइलवर मॅच बघत होतो. बोलून गेलो, पैसेवाला. त्यानं अरबीत तेच लिहिलं. पासपोर्टवर श्रीमंत यशराज, बताक्यावर गनी यशराज. अरबी कोणाला वाचता येतंय!
रूमवरचा दिलीपदादा, मिरजेचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, हसून हसून आडवा. "गनीशेठ, आजची भांडी तुमची."

२२ नोव्हें.
उपाय एकच. आबांनी, आमच्या आजोबांनी, लिहून द्यायचं की 'श्रीमंत' हा किताब नाही, नुसतं नाव आहे, अर्थ लावू नये.
फोन केला. आबा म्हणाले, "अकरा गावांचं का होईना, संस्थान होतं. किताब गेले, तनखा गेला. तुझ्या जन्मदाखल्यात तेवढा एक शब्द घुसडला मी. तो आता माझ्याच हातानं पुसू?"
"आबा, माऊचं लग्न..."
फोन ठेवला त्यांनी.

२८ नोव्हें.
सुट्टी. मासळी बाजारात उगाच दोन तास. काही घेतलं नाही. गोवा, सुरत, मस्कत, कुठं वर्ष काढलं नाही मी. आणि इथून निघताच येईना.
पणजोबांचा दरबारातला फोटो आठवला. तिसरी रांग, अर्धा चेहरा पुढच्याच्या तुऱ्यामागे. लहानपणी त्यांच्या मोत्यांचे पदर मोजायचो. इंग्रजांनी तोफांची सलामी ठरवून दिलेली, कोणाला एकवीस, कोणाला नऊ. आमच्या वाट्याला एक पण नाही. आबा सांगायचे, बहिणीच्या लग्नाला जायचं तरी पणजोबांना इंग्रजांच्या एजंटसाहेबाकडे अर्ज करावा लागला. म्हणजे एक्झिट परमिटच की!
उत्तर वेळेत आलं का, हे कधी विचारलंच नाही.

२ डिसें.
माऊचा फोन. "दादा, कान पिळायला बंटीला सांगून ठेवू का?" बंटी म्हणजे काकाचा. म्हणालो, खबरदार. रडायला लागली. म्हणालो, कान मोठे आहेत ना गं त्याचे? नाकातून हसली.

८ डिसें.
कुरियर आलं! इंग्रजीत टाइप केलेलं, सांगितलं अगदी तसं. आबांनी ऐकलं. आणि खाली सही: श्रीमंत सर्जेराव सरकार. आधारवर नुसते सर्जेराव आहेत. शेजारी संस्थानचा जुना शिक्का, लाल शाईत, सूर्य आणि कट्यार.
दिलीपदादानं कपाळावर हात मारला. "म्हातारं काय ऐकायचं नाही रे."

९ डिसें.
कागद घेऊन ऑफिसात. अबू फहदनं मजकूर धड वाचला नाही. शिक्क्यावरून बोट फिरवलं. इथं खतम, म्हणजे शिक्का, असल्याशिवाय पान हलत नाही. खूश दिसला.
"ये खतम कौन सा वज़ारत का?"
कुठल्या मंत्रालयाचा म्हणे. एकदा अर्थ सांगितला तो अजून भोगतोय.
"बहुत पुराना," एवढंच बोललो.
त्यानं मान डोलावली. कागद फायलीत घातला. "बुकरा."
उद्या.
बॅग भरली. माऊची साडी वर ठेवली.