आपल्याच घरातली नळी

तीर्थरूप वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून साष्टांग घालायला कंबर दुखत नाही, म्हणून मनापासून घालते.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहिते, पण या वेळी ते थोडक्यात खरं ठरलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन कोणाचाही असो, कान आईंचे असतात.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. गॅस एजन्सीच्या यादीतल्या घरी जायचं, शेगडी, रेग्युलेटर आणि नळी तपासायची, नळीवरची तारीख उलटून गेली असेल तर ती बदलायची आणि फॉर्मवर सही करायची. लोकांना मी नको असते. एक बाई तर स्वतः दार उघडून मला म्हणाल्या की घरी कोणी नाही. त्यापेक्षा यादीतला बिस्किटांचा कारखाना बरा. तिथे भिंतीइतक्या लांब भट्टीला एका वेळी बारा मोठे सिलिंडर जोडलेले असतात, पण माणसं फाटकावरच काडेपेटी काढून देतात आणि मी वाकले की तीही वाकून बघतात. घरात मात्र सगळ्यांना वाटतं, इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे गॅस आपल्याला ओळखतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या यादीत आपलंही घर आहे. पण आईंच्या स्वयंपाकघरात त्या असताना कोणी पाऊल टाकत नाही, आणि त्या कायमच तिथे असतात. मागे कधी तरी नळी तपासते म्हटलं, तर म्हणाल्या, तू बाहेर जगाच्या नळ्या बघ. तुमच्या बंधूंना मध्ये पडायला सांगितलं, तर ते गॅलरीत जाऊन पडले. मग मी दर वेळी आपल्या घरचा फॉर्म हॉलमध्ये बसून भरायचे, 'सर्व ठीक', खाली माझी सही. (हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.)

गेल्या मंगळवारी वरच्या ऑफिसातून एक साहेब आले. शांत माणूस, खिशात भिंग. नळीवरची बारीक तारीख वाचायला. म्हणाले, एखादं घर बघून येऊ, आणि गठ्ठ्यातून डोळे मिटून एक फॉर्म ओढला. तो आपला. मी सांगितलं की तिथे लिफ्ट नाही. ते म्हणाले, मला जिने आवडतात. मी सांगितलं की म्हातारीला ऐकू येत नाही. ते म्हणाले, आपण तिच्याशी नाही, नळीशी बोलणार आहोत. जिना चढेपर्यंत माझ्याकडच्या थापा संपल्या.

दार तुमच्या बंधूंनी गॅलरीतून येऊन उघडलं. साहेब आलेत म्हटल्यावर आईंनी आतूनच सांगितलं की आधी चहा, मग काय ते. मला उंबऱ्याशीच वास आला. पण माझ्या पिशवीत दिवसभर लोकांच्या जुन्या नळ्या असतात, त्यामुळे माझ्या नाकाला कायमच तो वास असतो. म्हणून मी पिशवी जिन्यात ठेवली आणि परत आत आले. वास तसाच. उलट जास्त, आणि खालून, पायांशी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरून बसतो. आत आई शेगडीपाशी लायटर घेऊन उभ्या होत्या. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली वन्सं, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा न विचारता आत गेले आणि त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ होता. तिकडे तुमचे बंधू हवा खेळती करायला पंख्याच्या बटणाकडे निघाले होते. बटणातही ठिणगी उडते, म्हणून त्यांचा हात साहेबांनी धरला. असे आम्ही चौघं क्षणभर जोड्या लावून उभे.

मग साहेबांनी रेग्युलेटर बंद करून काढला, सिलिंडरला टोपी लावली, दारं उघडली. नळीला आईंनी फुलाफुलांच्या कापडाचा झगा शिवला होता, धुळीपासून जपायला. तो उतरवल्यावर टोकाशी बोटभर भेग दिसली. दुपारी त्यांनी एकट्यानेच नवा सिलिंडर लावला, तेव्हा वाकवताना ती फाटली असणार. तारीख माझ्या लग्नाच्याही आधीची. साहेबांनी विचारलं, "आजी, एवढा वास येत होता, कळलं नाही?"

आई म्हणाल्या, "कसला वास?"

साहेबांनी फॉर्मवरच्या सहीकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, माझी. त्यांनी लेखी ताकीद दिली आणि सगळी यादी पुन्हा तपासायला लावली. ते गेल्यावर आई बराच वेळ मनगट चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली वास जाऊन. दूध करपलं तरी कळत नाही. सांगितलं असतं तर तू ओटा काढून घेतला असतास."

मी नाही म्हटलं. (खरं सांगू? कदाचित घेतलाही असता.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वास परत येईलच असं नाही. नवी नळी बसवली. ओटा त्यांचाच आहे. फक्त शेगडी पेटवण्याआधी त्या मला हाक मारतात, मी दारात उभी राहून हुंगते आणि मान हलवते. मी नसले की साबणाचं पाणी. नळीला लावायचं, बुडबुडे आले नाहीत तरच काडी. बुडबुडे बघायला नाक लागत नाही, हे कळल्यापासून त्यांनी साबणाचं पाणी घेऊन शेजारच्या तीन घरांची झोप उडवली आहे.

तुमचं सगळं कळवा.

तुमची,
भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. शुक्रवारी साहेब माझ्या यादीतल्या नातेवाइकांची घरं बघणार आहेत. असं उरलेलं घर एकच, तुमचं. आठवतं ना, 'आपल्यात कसली तपासणी' म्हणून तुम्ही मला बाहेरच बसवलंत, आणि मीही ऐकलं? त्यांच्याआधी तुमच्याकडे पाऊल टाकायचं नाही अशी मला ताकीद आहे. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. हे वाचल्यावर पहिल्यांदा रेग्युलेटर बंद करा आणि आजच्या आज नळी बदलून घ्या. पत्र तुमच्या बंधूंच्या हाती पाठवते आहे.

ता. क. दुसरा. मी पाकीट शोधत होते तेवढ्यात आईंनी पत्र वाचलं. ताकीद मला आहे, त्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पत्राबरोबर त्याही येत आहेत. नळी जुनी असेल तर लपवू नका. त्यांचं नाक गेलंय, डोळे शाबूत आहेत.