थंड पांढऱ्या भिंती

८ एप्रिल १९६२, रविवार
मराठी मंडळाचं पाडव्याचं जेवण. ऑफिसातल्या आप्पासाहेबांची मुलगी प्रतिमा पानांवर वाढत होती. घर कसं आहे, असं तिनं विचारलं. भट्टी आहे म्हणालो. मग आतून थंड पांढरा रंग द्या, म्हणाली. श्रीखंडही दोनदा वाढलं. माझ्या भिंतींची काळजी परक्या मुलीला का असावी? विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सदतीस म्हणजे काही वय नव्हे.

१२ एप्रिल
आमच्या बनीपार्क मोहल्ल्यातलाच एक पुताईवाला, म्हणजे चुना मारणारा, ठरवला. चुन्यात नीळ किती, ते मी सांगणार. घरात माणसं किती, म्हणून त्यानं विचारलं. सध्या एक, म्हणालो. 'सध्या'वर जोर दिला.

१५ एप्रिल
पहिला हात. खोली दवाखान्यासारखी निळी दिसते. वाळल्यावर उतरेल, असं मीच त्याला समजावलं.

१७ एप्रिल
उतरली नाही. दुसरा हात, बिननिळीचा.

१८ एप्रिल
जमलं! दुपारी खरोखर गार वाटतं. संकल्प: घरात स्टोव्ह नाही, फोडणी नाही, सिगारेट नाही. भिंतीला टेकायचं नाही. खाट खोलीच्या मधोमध ओढली. रात्री पाव आणि केळी. खोकलो तर आवाज घुमतो. एकटेपणा फार जाणवतो, पण तो महिन्याभराचाच प्रश्न.

२३ एप्रिल
ऑफिसात आप्पासाहेबांच्या कानावर सहज घातलं, की घर अगदी थंडगार झालंय. किती माणसं झोपू शकतील, असं त्यांनी विचारलं. दूरदृष्टीचा माणूस!

२९ एप्रिल, रविवार
आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी इंदुबाई घर बघून गेले. इंदुबाईंनी मोरीसुद्धा पाहिली. पाणी किती वाजता येतं, हेही विचारलं. प्रतिमा आली नाही. चांगल्या घरची मुलगी अशी येणारच नाही. जाताना आप्पासाहेब म्हणाले, एक नाजूक गोष्ट बोलायची आहे, पुढच्या रविवारी येतो. उशांना नवे अभ्रे आणले. दोन.

६ मे, रविवार
आप्पासाहेब आले. प्रतिमाचं लग्न वीस तारखेला. मुलगा पुण्याचा, इंजिनियर. पाहुण्यांना इथले लूचे गरम वारे सोसायचे नाहीत, तेव्हा वऱ्हाड उतरवायला माझं घर मिळेल का? घर बघून इंदुबाईंचा जीव भांड्यात पडला म्हणे. मी म्हणालो, अहो, मीच सुचवणार होतो.
रंग दिला तेव्हापासून माझ्या मनात साधारण हेच होतं.

२० मे
लग्न लागलं. घराची सगळ्यांनी स्तुती केली. मुलाच्या मामांनी तर मलाच, तुम्ही कुठे उतरलात, असं विचारलं. गच्चीवर, म्हणालो. निघताना प्रतिमा पाया पडली. येते काका, म्हणाली. गर्दी होती, मागच्या कुणाला म्हणाली असेल.

२३ मे
वऱ्हाड गेलं. पुताईवाला आपण होऊन आला. बैठकीच्या भिंतीवर ओळीनं तेलकट डाग पडलेत. माणसं डोकी टेकून गप्पा मारत होती, त्यांचे. हात मारून देऊ का, म्हणाला. नको म्हणालो. तो गेल्यावर भिंतीशी सतरंजी घातली आणि त्या ओळीत, एका डागाला डोकं टेकून, अंधार पडेपर्यंत बसलो.